तिसरा खिळा

साखळी शालिकरामच्या तोंडावर बसली तेव्हा ताशे इतक्या जोरात वाजत होते, की त्याची किंकाळी कुणाला ऐकूच आली नाही. तो उताणा पडला. हात डोळ्यावर गेला आणि बोटांच्या फटींतून रक्त आलं, तेव्हा कुठे पुढचे चारजण थांबले. मागच्यांना वाटलं, वाघाचा खेळच चालला आहे.

मोहरमची दहावी तारीख होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळातली ही गोष्ट. बेलखेडी हे दर्यापूरकडचं, काळ्या मातीतलं गाव. मुसलमानांची घरं पंचवीस, पण ताबूत साऱ्या गावाचा. जिची पोरं जगत नसत ती बाई, मग ती माळ्याची असो की पिंजाऱ्याची, नवस बोलायची, ‘हे लेकरू जगलं तर मोहरमात वाघ करीन.’ नवसाचं ते लेकरू मोठं झालं तरी दरसाल वाघ व्हायचं. अंगभर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, तोंडाला कागदाचा मुखवटा आणि कमरेला साखळी. साखळीचं टोक मागं एकजण धरून ठेवी, वाघ लोकांवर झेप घेऊ लागला की ओढून आवरी. त्या वर्षी सात वाघ निघाले होते. सातही एकाच रंगाऱ्याच्या हातचे, जन्मदात्रीलाही ओळखू येऊ नयेत असे.

शालिकरामला साखळी मारली ती गावच्या बैलांना नाल ठोकणाऱ्या गुलाब खाँ नालबंदानं. हे तिघांनाच माहीत होतं. एक तो स्वतः, दुसरा त्याची साखळी धरणारा मेहुणा रज्जब, आणि तिसरा अल्ला.

रज्जबनं त्याला गर्दीतून ओढत नदीवर नेलं. साखळी डोहात फेकली, मुखवटा फाडून पाण्यात सोडला.

“पानी में बैठो, भाईजान. रंग गया तो बात गई.”

गुलाब खाँ गळ्यापर्यंत पाण्यात बसला. बैलाला एका झटक्यात आडवा पाडणारा माणूस, आता लेकरासारखा अंग घासत होता. पिवळा रंग पाण्यावर तरंगत गेला.

त्याला शालिकरामशी भांडायचंच नव्हतं. शालिकरामनं त्याला ओळखलंही नव्हतं. मिरवणूक पाहत तो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि शेजारच्याला हसत सांगत होता, “गुलाब खाँनं माह्या पवळ्या बैलाचा पाय सडवला. खिळा जिवात ठोकला अन् वरून म्हणते, काटा रुतला असंन. अन् हा म्हणे पाच वेळा नमाज पढते.” ज्याच्याविषयी तो बोलत होता, तो हातभर अंतरावर मुखवट्याआड उभा होता. पुढं काय झालं ते गुलाब खाँला नीट आठवत नव्हतं. रज्जबच्या हातून साखळी सुटली होती, आणि ती आपल्या मुठीत आली होती, एवढं आठवत होतं.

गावाच्या बाजूनं एक ओरड आली. मग दुसरी. एकाच माणसाची.

“कौन है?” गुलाब खाँनं विचारलं.

रज्जब मधेच वर जाऊन पाहून आला होता. “खुशाल माळी. शालिकराम के भाइयों ने पकड़ा. परसों कुएँ पे पानी के वास्ते झगड़ा हुआ था ना, सब के सामने बोला था, पाहून घेईन. और वो भी तो वाघ था आज.” मग तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, “अपने को क्या. तुम घर चलो.”

नदीवरून वर येताना पायवाटेवर गोदाबाई भेटली. खुशालची आई. दर गुरुवारी ती त्याच्या दारावर वांगी आणून द्यायची आणि भाव कमी करायला सांगितलं की त्यालाच दोन शिव्या हासडायची. आता तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

“गुलाबभाऊ, तू होता ना वाघात? माह्या लेकाले पाह्यलं ना तू? तो म्हणते, मी ताबुताच्या पुढं होतो. सांग ना त्याइले येऊन. मारून टाकतीन रे ते त्याले. मुसलमानाच्या देवाले बोलले मी हा नवस, तू तरी बोल ना बापा त्याच्यासाठी.”

“येतो,” गुलाब खाँ म्हणाला.

ती पुढच्या वाघाच्या घराकडं धावली. बाकीच्या सहाही जणांच्या दारी जाणार होती ती. आणि गुलाब खाँ चावडीचा रस्ता सोडून आपल्या मोहल्ल्याकडं वळला. घरी जावं, दार लावावं, संध्याकाळपर्यंत फौजदार येईल, मग सरकार काय ते पाहील, असं तो मनाशी म्हणत होता.

मोहल्ल्याच्या तोंडाशीच मुल्लानीबीचं घर होतं. गेली चाळीस वर्षं तिनं मोहल्ल्याच्या पोरापोरींना, लहानपणी गुलाब खाँलाही, कुराण शिकवलं होतं. आता मोतीबिंदूनं डोळे गेले होते, तरी ओट्यावर बसून तसबीचे मणी ओढत ती पाठ घ्यायचीच. तिची एक रीत होती. दर जुम्म्याला प्रत्येक लेकरानं आठवड्यातली आपली एक चूक आपल्या तोंडानं सांगायची. सांगितली की ती विचारायची, “उसके पहले?” घडा फोडला. उसके पहले? भावाला ढकललं. उसके पहले? त्यानं गोळी मागितली, माझ्याकडं होती, नाही म्हणालो. तिथं ती थांबायची. “वो पहली गाँठ है. इत्ती सी थी.” जो पहिल्या गाठीपर्यंत आपण होऊन जाई, त्याला छडी नव्हती. दुसऱ्यानं सांगितलेल्या चुकीला मात्र होती.

“कौन टपकता जा रहा है?” ओट्यावरून ती म्हणाली.

“मैं, गुलाब.”

“नहाया तू. चावडी पे ये कौन रो रहा है? कब से सुन रही.”

“खुशाल माळी. लोगाँ मारते उसको. शालिकराम की आँख फूटी, साखळी से.”

“उसने मारी?”

चावडीकडून पुन्हा ओरड आली, या वेळी बारीक, दम संपल्यासारखी. म्हातारीनं मान तिकडं वळवली. तिला काही कळलं होतं की नाही कोण जाणे, पण चाळीस वर्षांची सवय तिच्या तोंडून बोलली.

“उसके पहले?”

आणि नऊ वर्षांचं पोर बोलावं तसा तो बोलू लागला.

“उसके पहले शालिकराम लोगाँ में बोल रहा था. मेरे खिळे का.”

“उसके पहले?”

“मैंने उसको झूठ बोला, काटा है करके.”

“उसके पहले?”

“खिळा जिवात गया, बी.”

“जान के?”

“नहीं. गया तो बिना जाने. निकाला नहीं, वो जान के.”

ते त्याला लख्ख आठवत होतं. खिळा मेलेल्या नखीत जातो तेव्हा हातोडी टणक वाजते. जिवात, म्हणजे आतल्या जिवंत मांसात, गेला की आवाज दबतो आणि जनावराच्या मांडीची कातडी थरथरते. पवळ्याची थरथरली होती. खिळा तिथंच उपटून आत कडकडीत तेल सोडलं असतं, तर आठ दिवसांत बैल चालता. पण अजून पाच बैल खोळंबले होते आणि लोक पाहत होते. गुलाब खाँ नालबंदाचा खिळा चुकला, असं लोकांनी म्हणू नये म्हणून त्यानं खिळ्याचं टोक मुरडून टाकलं.

म्हातारीच्या बोटांतली तसबी थांबली होती. आता तिला सगळं कळलं होतं.

“बी, तुम्हारे यहाँ खुद बोले तो छडी नहीं थी,” तो म्हणाला. “वहाँ चावडी पे है.”

“मालूम है. इसलिए तो नहीं मारती थी मैं. बोलने की आदत पहले लगे. मारने को दुनिया पड़ी है.” मग धडा घ्यावा तशा आवाजात ती म्हणाली, “ऐ ईमानवालो, इन्साफ पे जमे रहो, अल्लाह के वास्ते गवाही दो...”

ती थांबली. पाठ घेताना ती अशीच अर्ध्यावर थांबायची, पुढचं लेकरानं म्हणायचं.

“...चाहे अपने खिलाफ हो,” गुलाब खाँ म्हणाला.

“जा. दौड़ के जा. चल के जाएगा तो सोचेगा.”

तो धावला.

चावडीपुढच्या कडुलिंबाला खुशालला बैलाच्या दोरखंडानं बांधलं होतं. बाकीच्या वाघांनी रंग धुतला होता, याला धुवायला वेळच मिळाला नव्हता. पिवळ्या अंगावर काळे पट्टे होते आणि त्यावर दांड्याचे नवे पट्टे उठले होते. काही फुटून वाहत होते. खालचा ओठ लोंबत होता. शालिकरामचा थोरला भाऊ पंजाबराव वखराची दांडी घेऊन उभा होता, धाकट्याच्या हातात तुतारी, बैल टोचायची काठी, होती. तिची टोकाची आर तो खुशालच्या मांडीत खुपसायचा, विचारायचा, “वाघ ना तू? ओरड ना वाघासारखा.” पोलीस पाटील रामराव चावडीच्या पायरीवर बसून अधूनमधून म्हणत होता, “फौजदाराले येऊ द्या रे,” पण उठत नव्हता.

पंजाबरावानं दांडी उगारली ती गुलाब खाँनं वरच्यावर धरली.

“सोड त्याले. मी मारलं.”

“बाजूले हो, खाँ. दोस्ती नंतर दाखवजो.”

“आता सातही वाघ एकएक करून कबूल होतीन,” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

गुलाब खाँनं दांडी सोडली नाही. “शालिकराम म्हणे, मी पवळ्याच्या जिवात खिळा ठोकला. मी त्याले म्हटलं, काटा आहे. काटा नव्हता, पंजाबराव. उजवा मागचा पाय, बाहेरची नखी, तिसरा खिळा. मले ठोकतानाच समजलं होतं. आज तो खरं बोलत होता, अन् मी मुखवट्यात उभा होतो. म्हणून मारलं.”

हसणं थांबलं. पंजाबराव त्याच्याकडं पाहत राहिला. बैलाचा पाय कुणाकुणाला दाखवला, कसला कसला लेप लावला, हे त्याच्या घरचंच दुःख होतं. ते बाहेरचा माणूस खिळ्याच्या आकड्यासकट सांगत होता.

मग त्यानं दांडी हिसकली आणि मारली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कोपरावर. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज पायरीवरच्या रामरावलाही ऐकू आला. हातोडीचा हात होता तो. गुलाब खाँ खाली बसला तसा धाकटा लाथांनी तुटून पडला. तोंडात माती गेली, दात हलला, बरगडीत काहीतरी सरकलं.

तेवढ्यात मोहल्ल्याकडून रज्जब आला. मागं दहा-बाराजण, हातात लाठ्या. चावडीवरच्यांनीही काठ्या उचलल्या. आणखी पाच माणसं पडायला एक शिवी पुरली असती.

“रज्जब,” खाली पडल्या पडल्या गुलाब खाँ म्हणाला. “लाठी रख. ये मेरा मार है, मेरे को खाने दे.”

“भाईजान...”

“तूने भी देखा था ना? फिर बोल इनको. नहीं तो घर जा.”

रज्जबनं पंजाबरावकडं पाहिलं, खुशालकडं पाहिलं. मग त्यानं लाठी जमिनीवर टाकली. “साखळी माह्या हातातून सुटली,” तो म्हणाला. “डोहात मीच फेकली.”

रामराव आता उठला. त्यानं खुशालचा दोर सोडवला. खुशाल उभा राहू शकला नाही, गोदाबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि पदरानं रंग पुसू लागली. रंग आणि रक्त एकच होऊन गेलं.

“बैल आणा,” पंजाबराव म्हणाला. “खोटं निघालं तर इथंच गाडतो तुले.”

पवळ्या तीन पायांवर आला. खुशालला बांधलेला दोरखंडच त्याच्या पायांत अडकवला, चौघांनी ओढून त्याला आडवा पाडला. गुलाब खाँचा उजवा हात फांदी मोडावी तसा लोंबत होता. त्यानं डाव्या हातात सांडशी घेतली, गुडघ्यानं नखी दाबून धरली. पहिला खिळा, दुसरा खिळा. तिसऱ्यावर सांडशी बसली तसा बैल असा हंबरला की पाखरं उडाली. हात दोनदा घसरला. तिसऱ्यांदा खिळा निघाला आणि मागून पू उसळला, काळा, घाण वासाचा. पुढचे लोक नाकाला धोतराचा सोगा लावून मागं सरले.

गुलाब खाँनं खिळा पंजाबरावच्या पायाशी ठेवला. पंजाबराव तो उचलायला वाकला नाही. दांडी मात्र त्यानं बाजूला टाकली.

“तेल गरम करा,” गुलाब खाँ म्हणाला. “आत सोडा. आठ दिवस बांधून ठेवा, जुंपू नका.”

मग तो सरकत सरकत खुशालपाशी गेला. खुशालच आधी बोलला, फुटक्या ओठानं.

“मी ओरडून राहिलो होतो, खाँ. तू कुठी होता?”

“नदीवर. रंग धूत होतो.”

“आयकू येत होतं?”

“हाव.”

खुशालनं तोंड आईच्या कुशीकडं फिरवलं. त्यानंतर तो गुलाब खाँशी कधी बोलला नाही, आणि त्याबद्दल गुलाब खाँनं त्याला कधी दोष दिला नाही.

दिवस कलताना घोड्यावरून फौजदार आला. शालिकरामचा जीव वाचेल, डोळा नाही, असं वैद्यानं तोवर सांगितलं होतं. चावडीच्या पायरीवर कागद पसरून फौजदार लिहायला बसला. गुलाब खाँला लिंबापाशी बसवलं होतं. बैलाच्या पायातून सोडवलेला तोच दोरखंड आता त्याच्या कमरेला होता.

“शालिकरामला साखळी तू मारलीस?”

“हो, साहेब.”

“का मारलीस?”

“तो खरं बोलला म्हणून.”

फौजदारानं मान वर केली. “हे काय कारण झालं? जुनं वैर होतं का? दारू प्यायला होतास?”

“नाही, साहेब. वैर नव्हतं, दारूही नव्हती. हेच कारण आहे, हेच लिहा.” मोडलेला हात त्यानं चांगल्या हातानं छातीशी धरला. “अन् एवढ्यावर थांबू नका. त्याच्या आधीचंही लिहा.”