हवाबंद ज्वारी

ओवीनं ताटातली भाकर बोटानं सरकवली.

"कडू लागते मले. मी मोठी आईकडं जाते."

आणि गेलीसुद्धा. चार वर्षांची माझी पोर, भिंतीपलीकडं थोरल्या जावेच्या चुलीपुढं बसून मिटक्या मारत होती. मला इकडं ऐकू येत होतं.

शेत एक, ज्वारी एक, मळणीही एकाच दिवशी झाली. जावेनं, म्हणजे महामायाताईनं, तिचा वाटा बचतगटातून आणलेल्या दोन हवाबंद पिशव्यांत भरला. मी कोठीत भरला. "कडुलिंबाचा पाला वाळू दे वं सारिका, मंग टाक," ती म्हणाली होती. ती म्हणाली म्हणूनच मी ओला टाकला. आषाढात झाकण काढलं तर आत धान्य गरम, वर सोंड्यांची नुसती वळवळ. चाळलं, पाखडलं, वाळवलं. चव गेली ती गेलीच.

ताईची एक पिशवी खायला काढलेली, दुसरी दिवाळीपर्यंत बांधलेली. "मधात उघडली का हवा आत जाते, किडा धरते," असं ती ज्याला त्याला बजावायची.

रविवारी ती ओवीला घेऊन विहारात गेली. माझ्या पोरीचं बोट तिच्या हातात! मी तिच्या घरात शिरले आणि ती बांधलेली पिशवी सोडली. मला फक्त एक सोंडा हवा होता. एकच. कोपरापर्यंत हात घातला. दाणे थंडगार, वास कालच मळणी झाल्यासारखा. एकही नाही. घाईघाईनं पीळ दिला, सुतळी बांधली.

संध्याकाळी हाक आली. "सारिका, माह्या पिशवीले कोनं हात लावला वं?"

"उंदीर असंन, ताई."

"उंदीर फूल बांधते का, ओवीच्या रिबिनीवानी?"

ती हसली. माझा चेहरा तापला. रोज दोन वेण्या घालणारे हात, त्यांनी सवयीनं फुलगाठच मारली होती.

"पावसाची हवा गेली आता आत. ठेवता येत नाही, खा लागते," ती म्हणाली. "अर्धी तू ने."

रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ओवीनं माझ्या हातची अख्खी भाकर संपवली, वर आणखी अर्धी मागितली. मी तिच्या इवल्या गालावरचं पीठ पुसलं.

"आई, हे मोठी आईची हाय नं?"

मी तव्याकडं वळले.

"हाव," म्हटलं. मग राहवलं नाही. "पन थापली मी."