‘नको’ नावाचं फोल्डर

डहाणू रोडच्या स्टेशनाबाहेर अमृतचा फोटो स्टुडिओ होता. हातातली ताकद जायला लागली तसा त्याने गाळा सोडला आणि कॉम्प्युटर घोलवडच्या घरी आणून ओटीवर मांडला. आजार मज्जातंतूंचा होता. पुढेमागे बोलणंही जाईल, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, दक्षाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. अमृतला ते न सांगताच कळलं.

माऊस धरवेना तेव्हा त्याने एक वेगळा प्रोग्रॅम टाकून घेतला. काळा पडदा आणि त्यावर फायलींची नुसती नावं. ‘जे’चं बटण दाबलं की खाली, ‘के’चं दाबलं की वर, ‘एल’ने फोल्डरच्या आत, ‘एच’ने बाहेर. एका बोटावर काम चालायचं. त्या बोटाने त्याने आजवर टिपलेली लग्नं, बारशी गावागावाप्रमाणे लावून ठेवली.

मग तेही बोट लुळं पडलं. दक्षा खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि तो सांगेल ते बटण दाबायची.

एका दुपारी ती अशीच एका फोल्डरात शिरली आणि थबकली. नाव होतं ‘नको’. आतल्या फायलींच्या नावांतल्या तारखांवरून तिने ओळखलं, हे तिनेच मोबाइलवर काढलेले फोटो. व्हीलचेअरवरचा अमृत, त्याला पेज भरवणारी त्यांची लेक विनिता. बोट चालत होतं तोवर त्याने एकेक शोधून इथे आणून टाकला होता. पुसायचं तेवढं राहून गेलं होतं.

“सगळे निवड. डी दाब,” तो म्हणाला. जीभ जड झाली होती, दक्षालाच काय ते कळायचं.

“का पण?”

“पोरीला मी असा आठवायला नको.”

दक्षाने डी दाबला. खाली प्रश्न आला, खरंच पुसायचं का? वाय की एन? अमृतने डोळे मिटून घेतले होते. तिने एन दाबला.

“झालं?”

त्याने डोळे उघडले. नावं जिथल्या तिथे होती.

“हे दिवस तुमच्या एकट्याचे नाहीत,” दक्षा म्हणाली. “रोज सकाळी तुमची दाढी मी करते. ते कसं पुसू?”

अमृतच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने ते पदराने टिपलं.

“पोर मोठी होईपर्यंत दाखवू नकोस,” तो म्हणाला.

श्रावण लागायच्या आत तो गेला.

वर्षं उलटली तरी अजूनही कुणीतरी जुने फोटो मागायला येतं. परवा वेवजी गावची एक बाई आली, लग्नाचा अल्बम भिजला म्हणून. दक्षाने फोटो शोधून पेन ड्राइव्हवर घालून दिले. बाई गेल्यावर विनिता खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली.

“आई, मी पप्पांना भरवायचे तेव्हाचे फोटो आहेत?”

“आहेत.”

“दाखव ना. मला त्यांचा तेव्हाचा चेहरा नीट आठवत नाही आता.”

“मोठी झालीस की दाखवेन.”

“किती मोठी?”

ते त्याने सांगितलं नव्हतं. दक्षाने लेकीला जवळ ओढलं आणि ती पडद्यावरच्या ‘नको’ या नावाकडे बघत राहिली.