उसन्या पेशी

लॅबमध्ये तिला सगळे धाकटी म्हणत. पीएचडीचं तिसरं वर्ष अर्धं सरलं तरी तिच्यानंतर कोणी नवीन आलं नव्हतं, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचं काम एका विषाणूवर होतं. हा विषाणू पेशीत शिरतो, स्वतःच्या शेकडो प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. लॅबमध्ये तिच्या आधी आलेल्या ताईने चार वर्षं खपून दाखवलं होतं, की एक छोटंसं प्रथिन पेशींना आधी दिलं तर विषाणूचा जोर निम्म्याहून कमी होतो. हे प्रथिन हे नेमकं कसं साधतं, ते शोधणं धाकटीच्या वाट्याला आलं होतं.

ताई सख्खी नव्हती, पण सख्खीच्या वरताण होती. पिपेट कसा धरायचा इथपासून दोघींच्या गाइड असलेल्या मॅडमसमोर कधी तोंड उघडायचं नाही इथपर्यंत सगळं तिनेच शिकवलं होतं. तिचा प्रबंध लिहून झाला होता, तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, दुसऱ्या गावात नोकरीही ठरली होती. घरी दीड वर्षाची मुलगी. रोज सहाच्या ठोक्याला ताई पिशवी उचलून धावत सुटायची.

त्या सोमवारी इनक्युबेटरचा गॅस संपला आणि धाकटीच्या सगळ्या पेशी मेल्या. फ्रीझरमधल्या पेशी नव्याने वाढवायच्या तर दोन आठवडे गेले असते, आणि धाकटीला तेवढा दम कुठला! ती खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेली, त्याच जातीच्या पेशींची एक बाटली उसनी घेऊन आली आणि प्रयोग लावला.

प्रयोग सोपा होता. प्लेटमध्ये पेशींचा थर, त्यावर विषाणू. जिथे पेशी मरतात तिथे रंग चढत नाही, पांढरा डाग राहतो. ते डाग मोजायचे. एरवी चाळीसेक यायचे, आणि प्रथिन दिलं की पंधरा-सोळा.

या वेळी प्रथिनाशिवाय बेचाळीस आले. प्रथिन देऊन एक्केचाळीस.

"विसरलीस घालायला, वेंधळे," ती स्वतःलाच म्हणाली आणि पुन्हा प्रयोग लावला. अडतीस आणि एकोणचाळीस. तिसऱ्यांदा लावला तेव्हा प्रत्येक नळीवर खूण करत, ओठ हलवत, मोठ्याने आकडे म्हणत काम केलं. तरी तेच.

बाटल्या धुणारे, जंतू मारायची वाफेची भट्टी सांभाळणारे लॅबचे मामा कोपऱ्यातून बघत होते. "पोरी, त्या स्टुलावर सकाळपासून तू चारदा बसलीस आणि पाचदा उठलीस," ते म्हणाले. "हिशेब काही लागत नाही माझा."

तिला हसू आलं नाही. मनात एक शंका आली होती आणि ती जाता जात नव्हती. तिने फ्रीझरमधून ताईच्या हातची सर्वांत जुनी कुपी काढली. झाकणावर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. त्यातला थेंबभर आणि उसन्या बाटलीतला थेंबभर तिने तपासणीला दिला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. उसन्या पेशी स्वच्छ होत्या. ताईच्या पेशींत मायकोप्लाझ्मा होता. हे अगदी बारीक जिवाणू. पेशींच्या बाटलीत गुपचूप बिऱ्हाड करतात. ना पाणी गढूळ होतं, ना साध्या मायक्रोस्कोपमध्ये काही दिसतं. फक्त पेशींचं खाणं पळवतात आणि त्यांना आजारी ठेवतात. म्हणजे ते प्रथिन विषाणूला अडवतच नव्हतं. जे काही दिसत होतं ते आधीच आजारी असलेल्या पेशींत दिसत होतं.

आणि लॅबमधल्या सगळ्या बाटल्या त्याच कुपीची लेकरं.

त्यानंतरचे चार दिवस धाकटीचा पाय एका जागी ठरला नाही. लिफ्ट सोडून ती सहा मजले जिन्याने चढायची, वर पोचल्यावर काहीतरी खाली विसरल्यासारखी पुन्हा उतरायची. ताईने "काय गं, चेहरा का उतरलाय?" विचारलं की "झोप नाही" म्हणून सटकायची. पण झोप नव्हती हे खरंच होतं.

घरी जेवताना तिने वडिलांना विचारलं. ते छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासत होते. "बाबा, पुस्तक छापून तयार आहे आणि मग मोठी चूक सापडली, असं झालं होतं का कधी?"

"एकदा." त्यांनी घास ताटातच ठेवला. "शाळेचं भूगोलाचं पुस्तक. नकाशाखाली दोन नद्यांची नावं उलटी पडली होती. गठ्ठे बांधून झाले होते. मालकांचं तोंड बघितलं आणि गप्प बसलो."

"मग?"

"मग काय? कुणाला कळलं नाही. पोरांनी तसंच पाठ केलं असेल." "तुझ्या कामात काही आहे का?"

"आहे."

"जेव आधी," आई म्हणाली. "उपाशीपोटी कुणाचं भलं झालंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी ताईला गच्चीवर घेऊन गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताईने तपासणीचा कागद हातात घेतला, दोनदा वाचला, घडी घातली, उलगडून पुन्हा वाचला.

"तीन आठवडे थांब," ती म्हणाली. "फक्त तीन."

"आणि नंतर?"

"नंतर मी स्वतः सांगेन मॅडमना."

"पदवी हातात पडल्यावर?"

"तुझं काय जातंय गं त्यात?" ताईचा आवाज चढला.

"माझंही तेच जातंय, ताई. माझी अडीच वर्षं त्याच बाटल्यांत आहेत."

"तुला अजून वेळ आहे. मला किती आहे ते कधी बघितलंस? रात्री पोरीला मांडीवर घेऊन एका हाताने टाइप केलंय मी हे सगळं." तिने कागद धाकटीच्या हातात कोंबला आणि जिन्याकडे वळली. "तुला काय करायचंय ते कर. पण मला विचारलंस तर थांब."

धाकटी एक रात्र थांबली. सकाळी मॅडमच्या दारावर टकटक केली.

मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरून पाहिल्या. तिन्ही वेळचे आकडे स्वतः मोजले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताईला माहीत आहे?"

"हो. काल सांगितलं."

"काय म्हणाली?"

धाकटीच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं. "हादरली," ती म्हणाली.

"साहजिक आहे." मॅडमनी प्लेट खाली ठेवल्या. "चार वर्षांत मी एकदाही तपासायला सांगितलं नाही. आधी माझे कान धरायला हवेत."

तोंडी परीक्षा पुढे ढकलली गेली. जर्नलकडे पाठवलेला लेख मॅडमनी परत मागवला. मामांनी एकूण एक बाटली भट्टीत घातली. ताईची नोकरी काही थांबली नाही, ती दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढचे पाच महिने ताई आणि धाकटी एकाच टेबलाच्या दोन टोकांना काम करत होत्या. बोलणं म्हणजे पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटापाशी "हूड रिकामा आहे का?" आणि "झालं माझं." ताईने सगळे प्रयोग स्वच्छ पेशींत पुन्हा केले. विषाणू पेशीत कुठून शिरतो यावरची तिची दोन प्रकरणं टिकली. प्रथिनाचं प्रकरण गेलं. धाकटीचा तर विषयच गेला, आणि मॅडमनी दिलेल्या नव्या विषयावर तिने कोऱ्या वहीत पहिल्या पानापासून सुरुवात केली. कधीकधी काम करता करता तिचा हात थबकायचा. बाटली स्वच्छ आहे ना? कालच तपासली होती. तरी ती पुन्हा तपासायला द्यायची.

शेवटी ताईची परीक्षा झाली. धाकटी मागच्या रांगेत कडेला बसली होती, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर जाता यावं. बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत म्हणाले, "हा बिघाड तुम्ही वेळेत पकडलात, हे चांगलं केलंत."

"मी नाही पकडला, सर," ताई म्हणाली. "मागे बसलीय तिने पकडला. मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं."

मॅडमनी मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटीचे कान तापले. परीक्षकांनी घसा खाकरला आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल चांगला लागला. कॉरिडॉरमध्ये अभिनंदनाची गर्दी पांगल्यावर ताई तिच्याजवळ आली.

"मॅडमना माझं का नाही सांगितलंस?"

"सांगून काय मिळालं असतं?"

ताई म्हणाली, "मला अजून तुझा राग येतो, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"थोडे दिवस येत राहील."

"येऊ दे."

सहाला दहा कमी होते. ताईने पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीसारखी धावत सुटली, जिन्याच्या वळणावर मागे न बघता. धाकटी लॅबमध्ये परतली. नव्या प्लेट रंगवून वाळत ठेवल्या होत्या. तिने पहिली उचलली आणि डाग मोजायला घेतले. अकरापर्यंत पोचली, मग लक्ष उडालं, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.