लेकीच्या मापाचे बूट

अप्पा बुटांचे कारागीर. दुकानाच्या भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे टांगलेले. एकदा माप घेतलं की घेतलं. पुन्हा कोणी पाय पुढे केला की अप्पा खवळायचे, "दर वेळी काय मोजायचं? पाय म्हणजे काय भोपळा आहे वाढायला?"

त्यांची लेक उद्या सकाळी तीर्थाला निघणार होती. पायी, सहाशे किलोमीटर, पंधरा जणांच्या गटाबरोबर. तिचं बाळ अकरा दिवसांचं असतानाच गेलं, त्या गोष्टीला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात अप्पांनी त्या बाळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. विषय निघाला की हे उठून दुकानात. माया नव्हती असं नाही हो, धीर नव्हता. म्हणून मग त्यांनी हाताला येतं ते केलं. तिच्या लग्नाच्या वेळचा साचा काढला आणि तीन आठवडे खपून बूट शिवले. दुहेरी तळ, आत मऊ अस्तर. एवढं एक काम नीट झालं की आपलं गप्प राहणं भरून निघेल, अशी त्यांची भाबडी समजूत.

दुपारी ती दुकानातच पिशवी भरत बसली होती. अप्पांनी बूट पुढ्यात ठेवले.

"घालून बघ. लोण्यासारखे झालेत."

पाय आत गेला आणि अडला. तिने टाच दाबली, ओठ चावला, कशीबशी चार पावलं टाकली आणि स्टुलावर टेकली.

"मोजे जाड घातलेस तू."

"पातळच आहेत, अप्पा."

"मग काय माझा साचा चुकला? तीस वर्षांत कधी..."

"साचा बरोबर आहे. पाय वाढलाय माझा." ती बूट काढत म्हणाली. "पोटुशी असताना पसरले, ते तसेच राहिले. जुने सगळे जोड वाटून टाकले मी. तुम्हाला सांगणार कधी? तुम्ही बोलू दिलंत का कोणाला?"

अप्पा तिच्यापुढे खाली बसले. तिचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. चवड्याशी चांगला बोटभर रुंद झाला होता. बाळ गेलं, आणि त्याने रुंद केलेले पाय तेवढे मागे राहिले. आणि आपण तीन आठवडे बसून काय शिवलं? तर ते बाळ कधी आलंच नव्हतं, असे बूट.

"चार दिवस थांब. नवे करतो."

"गट थांबायचा नाही."

"मग सध्या वापरतेस त्या जोडावर नीघ. आठव्या दिवशी बसने येऊन गाठतो तुला."

त्यांनी फरशीवर कागद पसरला. ती त्यावर उभी राहिली. पेन्सिल पायाभोवती फिरवताना रेघ दोनदा वाकडी गेली. अंगठ्यापाशी येऊन ते थांबले. वर न बघताच त्यांनी विचारलं, "कोणावर गेला होता गं?"

तिला रडू फुटलं.

"तुमच्यावर. एवढासा पाय, पण दुसरं बोट अंगठ्याहून लांब. अगदी तुमच्यासारखं."

अप्पांनी तो पाय पाहिला नव्हता. अकराही दिवस बाळ दवाखान्यातच होतं, आणि ते म्हणाले होते, घरी आणलं की बघू.