केळ्यांना कुलूप

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. मूत्रपिंडं बिघडल्यापासून यांचं माप मी घेते. पाणी मोजून, फळ अर्धं, बटाटे भिजवून उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. डोळ्यांत तेल घालून राखण केली, तरी रक्तातलं पोटॅशियम चढलंच. डॉक्टरांनी औषध बदललं आणि म्हणाले, "असंच वाढत राहिलं तर हृदयाला धोका आहे. पोटात काय जातंय ते शोधा."

शोधायचं काय? केळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि केळ्यांवर जीव असलेला चोर समोर शिलाई मशीनवर बसला होता.

"खरं सांगा, केळं कुठे खाल्लंत?"

"अगं, नाही खाल्लं."

माझा कसला विश्वास बसतोय. नातवंडांची केळी कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. रोज यांचे खिसे उलटे करून पाहिले. हे मुकाट्याने हात वर करून उभे राहायचे.

आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातले सगळे डबे, पुडे घेऊन बोलावलं. एकेक बघत त्या मिठाच्या पुड्यावर थांबल्या.

"हे कोणी आणलं?"

"मी. कमी सोडियमचं आहे, म्हणून मुद्दाम."

"काकू, यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घालतात. काकांसाठी हे फार वाईट."

तीन आठवडे, दोन्ही वेळा, मी माझ्या हाताने वाढत होते. मला यांच्याकडे बघवेना.

पुडा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, तर पोटॅशियम खाली आलेलं. डॉक्टर चक्क हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "बरं झालं बाई. मला वाटायला लागलं होतं, मी झोपेत उठून खातो की काय."

"काहीतरीच काय?"

"अगं, आठवडाभर पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून झोपत होतो. दुसरं टोक मशीनला. सकाळी दोरा शाबूत असायचा, तरी वाटायचं, तू म्हणतेस म्हणजे खाल्लंच असणार."

मला रडू आलं. चुकले मी, असं स्पष्ट म्हणाले. मग गळ्यातली किल्ली काढून यांच्या सुया-दोऱ्यांच्या डब्यात टाकली.

"म्हणजे केळी खायची?" यांनी विचारलं.

"केळी नाही. पण कुलूपही नाही."