कमान राहू दे

वाडीतल्या शाळेला यंदा निधी मिळाला, पण तो कमानीसाठी. मुलींचा संडास मोडून पडलेला. तो बांधून द्या म्हणत पालक समितीची अध्यक्ष मार्था दोन वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. दर वेळी तेच उत्तर, "पुढच्या बजेटमध्ये बघू."

कमानीची जागा ठरवायला अधिकारी सुरुची मॅडम स्वतः आल्या. मार्थाने कपाळावर आठी न आणता त्यांना शहाळं दिलं. ते संपलं तसं दुसरं फोडलं. एका शहाळ्यावर पाहुण्याला सोडायची वाडीत रीतच नाही. तिसऱ्याला मॅडम नको म्हणाल्या आणि हळूच विचारलं, "टॉयलेट कुठे आहे?"

"बजेटमध्ये," मार्था म्हणाली.

मग तिनेच त्यांना केळीच्या बागांमधून आपल्या घरी नेलं. वाट लांबची होती आणि मॅडम भरभर चालत होत्या.

"मुलीसुद्धा याच वाटेने येतात," मार्था म्हणाली. "बाकीच्या मुली शाळेत पाणीच पीत नाहीत."

परतताना शाळेच्या फाटकापाशी पोचल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "कमान राहू दे."

दिवाळीनंतर शाळा उघडली ती नव्या संडासासकट. पक्की दारं, नळाला पाणी. मार्थाने लग्नात वाजवतात तो बँड बोलावला, बायका नटूनथटून आल्या. संडासासाठी एवढा थाट वाडीने कधी पाहिला नव्हता. मॅडमनी फीत कापली, एक शहाळं संपवलं आणि दुसरं स्वतःहून मागितलं.

शेजारी चौथीच्या मुली बाटल्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होत्या.