बिघडवायची पाळी कोणाची?

मित्रांनो, लोक पंख्याकडे वारा मागतात. माझ्याकडे बिघाड मागतात. मी एक म्हातारा टेबलफॅन. माझं निम्मं आयुष्य बिघडण्यात गेलं, आणि तेवढं कामही मला कोणी स्वतः करू दिलं नाही.

कारखान्यातून निघालो ते थेट एका दवाखान्यात. माझी मान डावीकडे वळली की उजवीकडचे पेशंट चिडायचे, उजवीकडे वळली की डावीकडचे. पुढे ती उजवीकडेच अडकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं आता काही खरं नाही." दवाखान्यात हे वाक्य ऐकायला फार वाईट लागतं.

तिथल्या नर्सताईंनी मला त्यांच्या इमारतीच्या तळघरात आणलं. दर रविवारी शेजारीपाजारी तिथे जमून मोडक्या वस्तू दुरुस्त करायला शिकायचे. मास्तर कोणीच नव्हता. ज्याला कालपर्यंत जे येत नव्हतं, ते तो आज दुसऱ्याला दाखवायचा. मला सरावासाठी ठेवलं. नियम असा, की ज्याने मला चालू केलं त्यानेच गुपचूप माझ्यात नवा बिघाड करून ठेवायचा. पुढच्या रविवारी बाकीच्यांनी तो शोधायचा. अशा रीतीने शिवणकाम करणाऱ्या मावशी वायरी जोडायला शिकल्या आणि बसड्रायव्हर काका मला फिरायला पहिला धक्का देणारा कंडेन्सर बदलायला. मी मात्र दर शनिवारपासून धास्तावलेला. या खेपेला सापडलाच नाही तर?

मग तो रविवार आला. आदल्या खेपेला काका, मावशी आणि ताई या तिघांनी मिळून मला दुरुस्त केलं होतं. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, पाळी आपलीच. तिघेही आठवडाभरात वेगवेगळे येऊन इमानदारीने बिघाड करून गेले होते. हे फक्त मला ठाऊक होतं. आणि मला बोलता येत नाही, फक्त फिरता येतं, तेही बिघाड नसेल तर.

नेमके तेव्हाच इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. त्यांना ही खोली सामान ठेवायला हवी होती.

"तुमचा स्वतःचा पंखा चालत नाही, आणि लोकांचे मिक्सर उघडता?"

"तो आम्ही मुद्दाम बिघडवलाय," मावशी म्हणाल्या.

"मुद्दाम."

"शिकायला."

सेक्रेटरींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लाज वाटली. "भंगारवाला शेजारच्या इमारतीत आलाय. तो इथे येईपर्यंत हा फिरला, तर खोली तुमची. नाहीतर पंखा त्याचा."

"आता कसला नियम पाळायचा," म्हणत मावशींनी स्विचची सुटी वायर जोडली. "बिघाड माझाच होता." बटण दाबलं. मी नुसता घूं घूं करत राहिलो.

"तुमचा? अहो, माझा होता," काका म्हणाले, आणि त्यांनी मेलेला कंडेन्सर काढून चांगला बसवला. पुन्हा घूं घूं. असं फार वेळ चाललं तर माझ्या मोटरच्या तारांची वाइंडिंग जळते हो.

काकांनी झटकन प्लग काढला आणि पातं बोटाने ढकललं. हललं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ताई," दोघे एकदम म्हणाले.

ताई ड्यूटीवर. फोन बंद. बाहेर भंगाराची हातगाडी खडखडत जवळ येत होती. मी आतून गार पडलो, जे पंख्याच्या बाबतीत उलटंच म्हणायचं.

"ताईनं काय केलं असेल?" काका म्हणाले.

मावशी विचारात पडल्या. "ती काही तोडायची नाही. तिचा हात मी पाहिलाय. ती बांधेल." मग त्या सेक्रेटरींकडे वळल्या. "नुसते उभे आहात, तर टॉर्च तरी धरा. पात्याच्या मागे. जरा आत."

सेक्रेटरी वाकले. "हे काय? याला बँडेज कोणी केलं?" आणि न राहवून त्यांनीच माझ्या दांड्यावरची चिकटपट्टी नखाने सोडवली.

काकांनी प्लग लावला आणि मी फिरलो, मित्रांनो. सेक्रेटरींनी एका कानावरून दुसऱ्या कानाकडे नेलेले केस माझ्या वाऱ्याने पुन्हा पहिल्या कानाकडे आणून ठेवले. भंगारवाला दारात थोडा वेळ वारा खात उभा राहिला आणि निघून गेला.

"चालू तुम्ही केलात," मावशी सेक्रेटरींना म्हणाल्या. "म्हणजे आता पाळी तुमची."

तेव्हापासून मला झोप नाही. सेक्रेटरी अधूनमधून एकटेच येतात, स्क्रूड्रायव्हर उलटा धरतात, सुस्कारा सोडतात आणि परत जातात. म्हणून एकच विनंती. तुमच्या घरात माझा कोणी बंद पडलेला भाऊबंद असेल, तर त्याला फेकू नका. आधी प्लग काढा, मग शेजाऱ्यांना हाक मारा आणि सगळे मिळून उघडा. आणि त्या गर्दीत कोणी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून उभा असेल, तर त्याला हसू नका. तो सुलटा करून त्याच्या हातात द्या. जरा लवकर द्या. रविवार जवळ आलाय.